नळ कुणाच्या नावावर?

(महिला गटांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजच्या सत्राचा विषय पत्रिकेवर ‘मूलभूत सुविधा’ असा छापला आहे. शब्द सरकारी आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर पाणी, संडास, गटार, रस्ता आणि रस्त्यावरचा दिवा. कालच्या दिवसभरात आपण मारहाण, पोटगी, मालमत्तेतला हक्क यांवर बोललो. चहाच्या वेळी एक-दोघींनी मला विचारलं, ‘ताई, नळ-गटाराचे प्रश्न नगरसेवकाचे. आपल्या संघटनेनं त्यात किती वेळ घालवायचा?’ प्रश्न प्रामाणिक आहे. तेव्हा सुरुवात त्याच्यापासूनच करते.

मारहाणीची तक्रार घेऊन येणाऱ्या बाईला आपण विचारतो, भांडण कशावरून झालं? कितीदा तरी उत्तर येतं, पाणी भरायला वेळ लागला, स्वयंपाक उशिरा झाला. मुलगी शाळेतून का काढली? आई कामावर जाते, पाणी येतं ते दुपारी. संध्याकाळच्या शिवणवर्गाला बाई का येत नाही? गल्लीत दिवा नाही. म्हणजे घरातला अन्याय आणि गल्लीतलं गटार हे दोन वेगळे कप्पे नाहीत. कुणाच्या वेळेला, शरीराला आणि श्रमाला किंमत नाही, याचंच उत्तर दोन्हीकडे मिळतं.

हा प्रश्न आपल्या चळवळीला नवाही नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांच्या पुढाकारानं सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव झाला. महाडच्या नगरपालिकेनंही तसा ठराव केला. ठराव कागदावर होता, पाणी मिळत नव्हतं. म्हणून २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारोंना घेऊन चवदार तळ्यावर जावं लागलं. त्यानंतरही तो खटला चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल आला १९३७ साली. ठराव आणि ओंजळभर पाणी यांच्यामधलं अंतर किती असतं, ते या एका उदाहरणावरून आपण समजून घ्यावं.

पुढे गोरेगावात मृणाल गोरे यांनी पाण्यासाठी इतका पिच्छा पुरवला की त्यांचं नावच ‘पाणीवाली बाई’ पडलं. १९७२ च्या दुष्काळात आणि महागाईत लाटणी घेऊन रस्त्यावर आलेल्या बायकांच्या मोर्चातही त्या पुढे होत्या. आणीबाणीनंतर १९७७ ला त्या खासदार झाल्या तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत’ ही घोषणा घराघरांत पोचली होती. पाण्याच्या प्रश्नावरून बाई राजकारणात येऊ शकते, हे तेव्हाच सिद्ध झालं आहे.

आता जरा हिशेब मांडू. वही असेल तर लिहून घ्या, कारण हा हिशेब तुम्हाला गावात आणि वॉर्ड ऑफिसात मांडायचा आहे.

ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनचं माप आहे माणशी रोज ५५ लिटर. पाच माणसांच्या घराला झाले २७५ लिटर. आपला हंडा साधारण १५ लिटरचा धरला तर अठरा हंडे. डोक्यावर एक आणि कमरेवर एक असे दोन हंडे एका खेपेत आणले तरी नऊ खेपा. विहीर अर्धा किलोमीटर असेल तर जाऊन-येऊन नऊ किलोमीटर. त्यातलं निम्मं अंतर तीस किलो वजन घेऊन. हे रोज. इतकं चालणं कुणालाच शक्य नाही, म्हणून मग काय होतं? पाणी कमी वापरलं जातं. आणि कमी कुणी वापरायचं, हे कुणी सांगावं लागत नाही. पुरुषाची आंघोळ होते, मुलांची होते, बाईची राहते. पाळीच्या दिवसांतही राहते.

शहरात काय आहे? मुंबईत वर्षानुवर्षं नियोजन करताना इमारतीतल्या माणसाला रोज १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर असं माप धरलं गेलं. पाच जणांच्या घराला एकीकडे ६७५ लिटर, दुसरीकडे २२५. तहान तीच, धुणं-भांडी तीच. शिवाय इमारतीतली धुणं-भांडी करायला याच वस्तीतली बाई जाते. ती तिथे नळाखाली मोकळेपणानं भांडी विसळते आणि घरी येऊन रांगेत हंडा ठेवते.

हे ४५ लिटरसुद्धा ज्यांच्याकडे कागद आहे त्यांनाच. मुंबईत १९९६ पासून पाण्याची जोडणी ‘पात्र’ झोपडीलाच द्यायची असं ठरलं. पात्र म्हणजे १ जानेवारी १९९५ च्या आधीची. पुढे ती तारीख २००० वर आली. तारखेनंतर आलेल्या माणसाला तहान लागत नाही असं जणू गृहीत धरलं होतं. मग लोक काय करणार? टँकरचं घ्यायचं, शेजारच्या नळवाल्याकडून पाइपाला पैसे देऊन घ्यायचं, नाहीतर कॅन विकत आणायचा. वीस लिटरचा कॅन दहा रुपयांना धरा. हजार लिटरला पाचशे रुपये झाले. पालिकेचं अधिकृत पाणी याच्या कितीतरी पट स्वस्त असतं. म्हणजे गरीब माणूस पाण्याचे पैसे देत नाही ही समजूत खोटी आहे. तो जास्त देतो आणि पावती मात्र त्याला मिळत नाही.

याविरुद्ध पाणी हक्क समितीनं मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयानं सांगितलं की पाणी हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. घर अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाण्यावाचून ठेवता येणार नाही, आणि पालिकेनं त्यासाठी धोरण आखावं. ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण पालिकेनं आणलं ते २०२२ मध्ये. मधली आठ वर्षं पाणी कुणी भरलं, ते तुम्हाला सांगायला नको.

धोरण आल्यानंतरचा प्रश्न आहे की अर्ज कुणाच्या नावानं भरायचा. वस्तीत पाच-पंधरा घरं मिळून एक जोडणी घेतात. त्या गटाचा एक सेक्रेटरी असतो. बिल त्याच्या नावावर येतं, चावी त्याच्या दाराशी असते. मी ज्या वस्तीत काम करते तिथे अशा गटांत पाणी भरणाऱ्या सगळ्या बायका आणि कागदावर सगळे पुरुष, असंच चित्र होतं. एका बाईला नवऱ्यानं टाकलं. तो दुसरीकडे राहायला गेला आणि जाताना गटातलं आपलं नाव दिराला देऊन गेला. त्या दिवसापासून तिला रोज दिराची परवानगी मागावी लागली. घर तिच्या ताब्यात होतं, पण पाणी नव्हतं. आम्ही तिच्या पोटगीचा दावा चालवत होतो. तो निकाली निघायला जितका वेळ लागला तेवढा वेळ ती पाण्यासाठी दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी गटातल्या बायकांनीच बैठक घेतली, ठराव लिहिला आणि तिचं नाव गटात घातलं. आता त्या गटाची सेक्रेटरी तीच आहे.

हे कायद्यात बसतं का, असं विचारतात. शिधापत्रिकेच्या बाबतीत बसलं आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख मानली. शिधापत्रिका तिच्या नावावर निघू शकते तर पाण्याची जोडणी का नाही? ही मागणी आपण प्रत्येक पालिकेपुढे आणि प्रत्येक ग्रामपंचायतीपुढे ठेवली पाहिजे.

आता संडासाकडे वळते. यावर बोलायला आजही काही जणींना संकोच वाटतो. पण पहाटे अंधारात उठून जायचं, नाहीतर रात्रीपर्यंत कळ काढायची, त्यासाठी दुपारी पाणीच प्यायचं नाही, आणि मग लघवीची जळजळ अंगावर काढायची, हे आपल्यातल्या पुष्कळ जणींनी भोगलेलं आहे.

पुण्यात १९९९ नंतर वस्त्यांमधल्या सार्वजनिक संडासांचं मोठं काम झालं. रत्नाकर गायकवाड आयुक्त होते. पालिकेनं संस्थांना बांधकामासाठी बोलावलं आणि त्यात महिला मिलनच्या, म्हणजे वस्तीतल्याच बायकांच्या गटांनी बांधकामापासून देखभालीपर्यंत कामं अंगावर घेतली. बायका आराखड्याच्या चर्चेत बसल्या तेव्हा कोणत्या गोष्टी पुढे आल्या ते बघा. बायकांचं दार पुरुषांच्या दारापासून वेगळं. लहान मुलांसाठी वेगळे, लहान भांड्याचे संडास, म्हणजे मुलं गटारावर बसायची थांबतील आणि मोठ्यांच्या रांगेत ढकलली जाणार नाहीत. आत पाण्याची टाकी. राखणदाराच्या कुटुंबाला राहायला खोली, म्हणजे रात्रीही कुणीतरी असेल. यातली एकही गोष्ट खर्चिक यंत्रासारखी नाही. पण या गोष्टी ज्याला रांगेत उभं राहावं लागतं त्यालाच सुचतात.

दुसरा मुद्दा संख्येचा. बाईला जास्त वेळ लागतो. साडी आहे, पाळी आहे, सोबत मूल आहे, गर्भारपण आहे. म्हणून समान संख्या म्हणजे समानता नव्हे. २०१४ साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या शहरी नियमांत सामुदायिक संडासासाठी ३५ पुरुषांमागे एक आणि २५ स्त्रियांमागे एक असं प्रमाण धरलं आहे. हा आकडा पाठ करून ठेवा. आमच्या वस्तीत नवा संडास बांधला तेव्हा दोन्ही बाजूंना सारख्याच खोल्या होत्या. दिव्याचं बटण शेजारच्या मंडळाच्या कार्यालयात होतं, ते कार्यालय रात्री दहाला बंद व्हायचं. आमच्या गटातल्या बायकांनी शाळेच्या वहीत सात दिवस नोंद ठेवली. किती वाजता किती जणी रांगेत, आत जायला किती वेळ लागला, पाणी होतं की नव्हतं. ती वही घेऊन आम्ही वॉर्ड ऑफिसात गेलो. निवेदनं आधीही दिली होती, ती फायलीत गेली. वहीतल्या आकड्यांवर मात्र साहेबांना बोलावं लागलं. तीन फेऱ्यांनंतर दिव्याचं बटण आत आलं आणि पुरुषांच्या बाजूच्या दोन खोल्या बायकांच्या बाजूला वळवल्या. मात्र राखणदाराची पगारी जागा एका पुरुषालाच मिळाली. तो प्रश्न अजून लढवायचा आहे.

रस्त्यावर, बाजारात, एसटी स्टँडवर काय? भाजीवाली, कागद-काच-पत्रा गोळा करणारी, बांधकामावरची मजूर यांचा दिवस रस्त्यावर जातो. पुरुषाला मुतारी फुकट आणि बाईकडून पैसे, याविरुद्ध मुंबईत २०११ पासून संघटनांनी एकत्र येऊन मोहीम चालवली. पुण्यात ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकानं संपादक विद्या बाळ यांच्यामार्फत जनहित याचिका केली. डिसेंबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं राज्यातल्या महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहांची योजना करण्याचे आदेश दिले. स्त्रियांच्या एका मासिकानं हे करून दाखवलं, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. आणि तुमच्या शहरात त्या आदेशाचं काय झालं, हे माहितीच्या अधिकारात विचारायलाही हवं.

संडासाचा प्रश्न बांधून संपत नाही. मैला जातो कुठे आणि काढतो कोण? इथे जात येते. हातानं मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला अधिक कडक कायदा झाला. तरी गटारात आणि सेप्टिक टाकीत उतरून माणसं मरतात आणि मागे राहतात त्या त्यांच्या बायका. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूसाठी भरपाई ३० लाख रुपये केली. भरपाई मिळवून देणं आपलं काम आहेच, पण ती वेळ येऊ नये असा संडास बांधून घेणं हेही आपलंच काम आहे. गावात १२,००० रुपयांच्या अनुदानातून संडास झाले. जिथे दोन शोषखड्ड्यांचा संडास झाला तिथे एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा सुरू करता येतो. पहिल्यातल्या मैल्याचं दीड-दोन वर्षांत मातीसारखं खत होतं, त्याला घाण हातानं उपसावी लागत नाही. पण पुष्कळ ठिकाणी गवंड्यानं सांगितलं म्हणून बंद टाकी बांधली गेली. ती कधीतरी भरणार, आणि मग कुणाला तरी बोलावणं जाणार. आपल्या अंगणातली स्वच्छता दुसऱ्या बाईच्या कपाळावर येऊ नये. आपल्या गटांत सवर्ण बायका आहेत, त्यांनी हा प्रश्न दलित मैत्रिणींवर सोडून देऊ नये.

आता गावाकडे. जलजीवन मिशन २०१९ ला सुरू झालं, घरोघर नळ हे त्याचं ध्येय. पुष्कळ घरांत नळ आला आहे, त्यानं बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरतो, हे मान्य केलंच पाहिजे. पण मार्च उजाडला की तोंडं सुकणारे नळही आपण पाहतो. कारण नळ म्हणजे पाणी नव्हे. नळाच्या मागे टाकी, टाकीच्या मागे मोटार, मोटारीच्या मागे विजेचं बिल, आणि सगळ्यांच्या मागे विहीर. यातलं एक तुटलं की हंडा परत बाईच्या डोक्यावर. गावच्या विहिरीशेजारी कुणी खोल बोअर मारून ऊस भिजवला तर विहीर आटणारच. १९९३ च्या भूजल कायद्यात सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर घ्यायला बंदी होती. त्याच्या जागी २००९ चा कायदा आला, तोही पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम देतो. पण ज्याचा बोअर आहे तोच बहुधा ग्रामपंचायतीत बसलेला असतो. त्याला विचारणार कोण?

आपण विचारायचं, कारण नियमानं आपण तिथे आहोत. गावच्या पाणीपुरवठा समितीत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. ग्रामपंचायतीत १९९३ पासून एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. मग अडतं कुठे? कामाची वाटणी पाहा. पाण्याचे नमुने तपासायला प्रत्येक गावातून पाच स्त्रियांना प्रशिक्षण द्यायचं ठरलं आहे. पाणीपट्टी गोळा करायला बचत गट. जनजागृतीची फेरी काढायला अंगणवाडीताई. आणि ठेका, पाइपाची खरेदी, मोटार चालवणाऱ्याचा पगार? तिथे पुरुष. जिथे सेवा आहे तिथे बाई आणि जिथे पैसा आहे तिथे पुरुष, याला ‘लोकसहभाग’ म्हणतात. सहभाग आपल्याला हवाच आहे, पण फुकटच्या राबण्याला सहभाग म्हणू देऊ नका.

एका गावातला अनुभव सांगते. पाइपलाइन सगळीकडे गेली होती, दलित वस्ती शेवटच्या टोकाला. वरच्या आळीत पाणी जोरात, कुणी थेट मोटार लावलेली, आणि वस्तीत पोचेपर्यंत धार करंगळीएवढी. ‘चढ आहे, दाब नाही, नवी टाकी लागेल, निधी आला की बघू’ असं दोन वर्षं ऐकवलं. समितीतल्या दोन बायकांनी पाणी सोडणाऱ्या मुलाबरोबर एक सकाळ काढली. कुठला व्हॉल्व्ह कधी उघडतो ते पाहिलं. मग महिला सभेत ठराव केला की आधी टोकाचा व्हॉल्व्ह उघडायचा, मग वर यायचं, आणि नळाला मोटार लावणाऱ्याची जोडणी तोडायची. टाकी न बांधता पाणी पोचलं. काही दिवस कुरबूर झाली, एकीच्या घरी दमदाटी झाली. बायका तिच्याबरोबर उभ्या राहिल्या म्हणून ठराव टिकला. इथे अडचण चढाची होती त्याहून जास्त क्रमाची होती. आणि आधी कोण, मग कोण, हा क्रम आपल्या गावात कसा ठरतो ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

आता कामाचं बोलू. इथून परत गेल्यावर प्रत्येक गटानं पुढच्या तीन महिन्यांत करायच्या गोष्टी मी सुचवते.

एक, सात दिवसांची वही. पाण्याला किती खेपा, किती वेळ, संडासाला किती रांग. घरातल्या मुलीनं दिलेला वेळही त्यात धरा.

दोन, कामाचं अंदाजपत्रक मागा. काम सुरू होण्याआधी मागा. नाही दिलं तर २००५ च्या माहिती अधिकाराचा अर्ज करा. किती व्यासाचा पाइप, कुठवर, किती खोल्या, दिवे कुठे, हे वाचायला आपण शिकू. भरतकामाचा नमुना वाचणाऱ्या बायकांना नकाशा अवघड नाही.

तीन, पूर्ण झाल्याचा दाखला पावसाळ्यात देऊ नका. मे महिन्यात शेवटच्या घराच्या नळाला पाणी आलं तरच समितीतल्या बाईनं सही करायची. कोऱ्या कागदावर आणि न वाचता सही करायची नाही, मग सांगणारा सरपंच असो की स्वतःचा नवरा.

चार, जोडणी बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर. टाकलेल्या, विधवा, एकट्या बायकांची यादी आधी करा. त्यांची नावं सुटतात.

पाच, जिथे पगार आहे तिथे बाई. मोटार चालवणं, व्हॉल्व्ह सोडणं, संडासाची राखण, सगळं बायका करू शकतात. जे काम फुकट करायचं आहे ते पुरुषांनीही पाळीपाळीनं करावं.

यातून एकदम मोठं काही होईल असं मी म्हणत नाही. एखाद्या गावात व्हॉल्व्हचा क्रम बदलेल, एखाद्या वस्तीत दिवा लागेल. पण ज्या बाईनं वॉर्ड ऑफिसात जाऊन वही उघडली आणि साहेबाला उत्तर द्यायला लावलं, ती पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घ्या म्हणून सांगायला कचरत नाही, हे मी आमच्या वस्तीत पाहिलं आहे. म्हणून संघटनेनं यात किती वेळ घालवायचा या प्रश्नाला माझं उत्तर आहे, भरपूर.

आता जेवणाची वेळ होत आली आहे. जेवणानंतर तालुकावार गट करून बसू या. प्रत्येक गटानं आपल्या भागातला एक नळ किंवा एक संडास निवडावा आणि वहीचं काम कोण, कुठल्या तारखेपासून सुरू करणार ते ठरवूनच उठावं.